दवाखान्याच्या फरशीवर

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. समाजशास्त्रात एम. ए. करून मी दीड वर्ष घरी बसलो होतो. वडील प्राथमिक शिक्षक. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, घरात मराठी बोलणारे. हा भाग म्हैसूर राज्यात गेल्यावर नोकरी टिकवायला त्यांना चाळिशीत कन्नडची बाराखडी गिरवावी लागली होती. रोज संध्याकाळी ते माझ्या शेजारी बसून माझ्याच पाटीवर अक्षरं काढायचे आणि मी त्यांच्या चुका दाखवायचो. त्यामुळे आमच्या घरात तिन्ही भाषा आल्या, आणि त्याच तीन भाषांच्या जोरावर मला ती नोकरी मिळाली.

नोकरी म्हणजे एका संशोधन प्रकल्पात माहिती गोळा करायची. प्रकल्पाचे प्रमुख दक्षिणेकडचे, म्हैसूरच्या बाजूचे एक प्राध्यापक होते. त्यांना आम्ही सर म्हणायचो. प्रकल्पाचा विषय होता ग्रामीण लोकांचा सार्वजनिक जीवनातला सहभाग. माझ्याकडे बीदर जिल्ह्यातली मराठी बोलणारी गावं आली. हातात चार पानी छापील प्रश्नावली. मत दिलं का, ग्रामसभेला गेलात का, अर्ज केला का, सभा-मोर्चात भाग घेतला का. प्रत्येक प्रश्नापुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन होते. शेवटी गुण मोजून माणसाला 'सक्रिय' किंवा 'निष्क्रिय' ठरवायचं.

दसरा झाल्यावर मी भालकी तालुक्यातल्या एका गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. उदगीरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक सरकारी दवाखाना होता. बैठी इमारत, हिरवं रंगवलेलं दार, दाराला कुलूप. रस्त्यापासून दारापर्यंत शहाबादी फरशीची वाट. दवाखान्याच्या अगदी समोर, वाटेच्या पलीकडे, एका विधवा बाईचं घर होतं. पन्नाशीची, उंच, हातापायांनी दणकट. चार एकर जमीन ती स्वतः पाहायची. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणालो.

तिची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहिलटकरीण होती, सातवा महिना लागलेला. दोघी मायलेकी ओसरीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी पोत्यावर बसलो आणि प्रश्न विचारायला लागलो.

"अक्का, मागच्या निवडणुकीत मत दिलं?"

"दिलं की. सरपंचानं सांगितलं तितं शिक्का मारला."

"गावच्या सभेला कधी गेलात?"

"बायांनी कशाला जावं? न्हाई."

"सरकारी कचेरीत कधी अर्ज केला?"

"न्हाई."

"मोर्चात, उपोषणात कधी..."

"न्हाई बाबा, न्हाई. सगळं न्हाई लिव."

शेवटचा प्रश्न होता, गावाच्या कारभारात आपला काही हात आहे असं वाटतं का. तो विचारल्यावर तिनं दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. "माझा हात? माझा हात शेणात." लेक खळखळून हसली. मी शून्य गुण मांडले आणि 'निष्क्रिय' या शब्दाभोवती गोल काढला.

उठून निघालो तेव्हा फरशी नीट पाहिली. रस्त्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत तांबड्या कावेची छोटी छोटी पावलं उमटवलेली होती. भाद्रपदात लक्षुम्या, म्हणजे गौरी, घरात येतात तेव्हा उंबऱ्यापासून देवघरापर्यंत बायका काढतात तशी. मूठ रंगात बुडवून टेकवायची आणि वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके द्यायचे. पण ती चार-सहा नव्हती, शेकड्यानं होती. एकावर एक, दाटीवाटीनं. बहुतेक दाराकडे जाणारी, काही दारापासून रस्त्याकडे परतणारी. सण होऊन महिना लोटला होता आणि काव तर ताजी दिसत होती.

"ही पावलं कशाची, अक्का?"

लेकीनं आईकडं पाहिलं. अक्का शेंगा सोलायची थांबली नाही. "माणसाची," ती म्हणाली. "जे आले त्यांची."

मग हळूहळू तिनं सांगितलं. दवाखान्याचा डॉक्टर भालकीत राहायचा आणि महिन्यातून एखाद्या वेळी येऊन सह्या करून जायचा. आजूबाजूच्या सात-आठ गावांतून माणसं दवाखान्यात येत आणि कुलूप पाहून समोरच्या दारात तिलाच विचारत, डागदर हाय का. दिवसातून पाच-पाच वेळा तिला 'न्हाई' म्हणावं लागायचं. गावातली चार माणसं तक्रारीचा अर्ज घेऊन बीदरला गेली. तो अर्ज मराठीत होता. कारकून म्हणाला, "कन्नड में लिखाके लाव." ती माणसं परत आली, शाळेतल्या कन्नड मास्तरांकडून लिहून घेऊन पुन्हा गेली. अर्ज घेतला गेला आणि पुढं काही झालं नाही.

"मग एक सायेब तपासायला आलता," अक्का म्हणाली. "त्या दिवशी डागदर हजर. सायबानं वही उघडली. म्हनला, या गावात कुनी आजारी पडतच न्हाई का? वहीत तर कुनाचं नावच न्हाई. डागदर म्हनला, लोक अडानी हायत सर, देवऋषी करत्यात, दवाखान्याकडं फिरकत न्हाईत. मी हितं उंबऱ्यात बसून ऐकायलते. तेवढा राग मला आयुष्यात आला न्हाई. रोज मी माणसं बगायले, पोरं काखंत घेऊन येत्यात, म्हातारी काठी टेकत येत्यात, आन ह्यो म्हनतो फिरकत न्हाईत. मला लिवता येत न्हाई. लक्षुमीचे पाय तेवढे येत्यात. दुसऱ्या दिवसापासून जो येईल त्याचे पाय काढायला सुरुवात केली."

"आणि ही परतीची?"

"परत गेले त्यांची."

मी पाहिलं, जाणारी पुष्कळ होती आणि परतणारी त्याहून कमी. मी विचारल्यावर ती म्हणाली, "जे जगले त्यांचीच परतीची काढते. बाजारच्या दिवशी कळतं, कोन गेलं, कोन हाय. हितनं परत तर सगळेच गेले, कोन पायी, कोन गाडीत. पन सगळे काय आपल्या पायानं उठले न्हाईत."

पावसानं पुसली जायची तेव्हा ती पुन्हा काढायची. तिला सगळी पाठ होती. बोट ठेवून सांगायची, हे खोकल्याच्या म्हातारबाचे, हे जुळ्याच्या बाळंतिणीचे, हे जनावर चावलेल्या पोरीचे. सुरुवातीला लोक तिला वेडी म्हणाले. मग दुसऱ्या बायका काव आणून द्यायला लागल्या. कुलूप पाहून परतणारी माणसं आता तिला 'डागदर हाय का' असं विचारत नव्हती. "माझे पाय काढ" एवढं सांगून जायची.

दुपारी नर्सबाई आल्या. त्या अक्काच्याच मागच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. दक्षिणेकडच्या, एकट्या, तिशीच्या. पाच गावं पायी फिरायच्या. दवाखान्याची किल्ली डॉक्टरकडे असल्यामुळे त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत जे काही असेल तेवढंच औषध. बाळंतपणं मात्र त्याच करायच्या. बोलणं कन्नड, पण अक्काशी बोलताना अर्धं मराठी. त्या दिवशी फिरून आल्यावर त्यांनी पिशवी ठेवली, वाटीतल्या कावेत मूठ बुडवली आणि फरशीवर दोन जोड्या पावलं उमटवली. शेजारच्या गावची दोन तापाची माणसं वाटेत भेटली होती आणि दवाखाना बंद म्हणून परत गेली होती.

मला वाटलं, हे लिहायला पाहिजे. प्रश्नावलीत त्याला जागा नव्हती. मी मागच्या कोऱ्या बाजूला, सरांना वाचता यावं म्हणून कन्नडमध्ये, पूर्ण पान भरून लिहिलं. गावाचं नाव, दवाखाना, अक्का, अर्जाची हकिगत, पावलांची रीत. शेवटी मी उत्साहानं एक वाक्य घातलं : 'येथील नर्सबाई याच बाईच्या घरी राहतात व त्याही कधी कधी पावले काढतात.'

निघताना अक्कानं विचारलं, "हे लिवून का हुईल?"

"वर कळेल, अक्का."

"कळू दे बाबा. माझ्या लेकीचे दीस भरायच्या आत कळू दे."

मी "व्हय" म्हणालो.

गुलबर्ग्याला प्रकल्पाच्या खोलीवर सरांनी ते पान वाचलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. माणूस चांगला होता. साधी राहणी, खेड्यातल्या माणसांबद्दल खरी माया. ते कन्नडमध्ये म्हणाले, "आपण इतके दिवस चुकीचे प्रश्न विचारत होतो. मत, अर्ज, सभा, मोर्चा, हे ठरवून दिलेले रस्ते आहेत. ते बंद झाले की माणूस गप्प बसतो असं आपण धरून चाललो. पण माणूस हाताशी असेल ते घेऊन स्वतःची रीत काढतो. सण, गाणं, रंग, शिवी, काहीही. याला मी सर्जनशील सहभाग म्हणेन." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "निष्क्रिय ती बाई नव्हे, आपली प्रश्नावली निष्क्रिय आहे."

इतकं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं. त्या रात्री मी वडिलांना पत्र लिहिलं.

सरांनी आणखी एक गोष्ट केली. चांगल्या हेतूनंच केली. दवाखान्याची अवस्था वरिष्ठांना कळावी म्हणून आरोग्य खात्यात पत्र पाठवलं आणि पुराव्यादाखल माझ्या पानाची टंकलिखित प्रत जोडली. मी स्वतः पाकिटावर तिकीट लावलं.

संक्रांत झाल्यावर सर, एक छायाचित्रकार आणि मी, असे आम्ही जीपनं त्या गावी गेलो. सरांना प्रकल्पाच्या अहवालात त्या पावलांचं छायाचित्र हवं होतं. मला वाटेत सारखं वाटत होतं की आता दवाखान्याचं दार उघडं दिसेल.

दार बंद होतं. फरशी मात्र स्वच्छ होती. पावलांचा मागमूस नव्हता. इमारतीला नवा चुना लावलेला.

अक्का ओसरीत बसली होती. हातात काम नव्हतं. मागच्या खेपेला ती क्षणभरही रिकाम्या हातानं बसली नव्हती. मी वाकून नमस्कार केला. "अक्का, ओळखलं का?"

"ओळखलं की. लिवनारा."

"पावलं कुठं गेली?"

"धुतली. तुमचा कागद गेल्यावर पंधरा दिसांनी जीप आली. दोन सायेब, डागदर. माणसं लावून फरशी घासून घेतली. चुना लावला. मला म्हनले, सरकारी जागा खराब केलीस, पुन्हा केलीस तर पोलिसात देऊ." मग म्हणाली, "बाईला बदलून टाकलं."

"कोण बाई?"

"नर्सबाई. डागदर म्हनला, ह्या बाईनंच गावाला चिथवलं, कागदात लिवलंय. त्याच आठवड्यात तिला तिकडं हुमनाबादच्या पलीकडं टाकलं. रडत गेली. माझ्या लेकीच्या पोटावर हात ठेवून म्हनली, अक्का, मूल आडवं हाय, भालकीला आधीच नेऊन ठेव. तिच्या जागी कुनी आलं न्हाई."

मी घरात पाहिलं. मागच्या खोलीला कडी होती. ओसरीत दुसरं कुणी नव्हतं.

"लेक कुठाय, अक्का?"

ती रस्त्याकडं पाहत बोलली. मधे एकदाही रडली नाही.

"भालकीला ठेवायचं म्हनलं तर तितं आमचं कोन हाय? म्हनलं, आठ दीस आधी नेऊ. पन तिला आधीच कळा सुरू झाल्या. सकाळी. भाऊबंदाची गाडी जुपली. तिला पेंढ्यावर निजवलं आन निगालो. उसाचा हंगाम. रस्ताभर उसाच्या गाड्या, एकामागं एक. पुढं जाता येईना, मागं येता येईना. लोकांनी गाड्या वावरात घातल्या आमच्यासाठी, खोटं कामून बोलू. बैल दमले. तिनं माझं मनगट धरलं होतं. उन्हं डोक्यावर आली तवा हात सैल पडला. लेकरू पोटातच."

सरांना मराठी येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं कन्नडमध्ये सांगावं लागलं. चाळिशीतल्या वडिलांना मी जी भाषा शिकवली होती तिच्यात मी ते सांगितलं, आणि 'कागदात लिवलंय' हे वाक्य गाळलं. सरांनी तिच्यापुढं हात जोडले.

आम्ही तेव्हाच निघायला हवं होतं. पण छायाचित्रकार लांबून आलेला होता आणि दुसऱ्या दिवशी परत जाणार होता. सर मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "त्यांनी केलेलं पुसून टाकलंय. निदान कागदावर तरी ते राहायला हवं. त्यांना दोन-चार पावलं काढायला सांगता येईल का? त्यांची इच्छा असेल तरच."

मी नाही म्हणू शकलो असतो. मला पुढच्या वर्षी त्यांच्या शिफारशीची गरज होती. मी अक्काजवळ गेलो आणि विचारलं.

तिला आधी कळलंच नाही. "पाय काढू? कुनाचे?"

"कुणाचेही. फोटोसाठी."

"कुनाचे बी कसे काढू?" ती मला समजावल्यासारखं म्हणाली. "आज कुनी आलं न्हाई. तुमी आलाव, पन तुमी आजारी न्हाई."

थोड्या वेळानं ती स्वतःच उठली. चुलीच्या वरच्या कोनाड्यातून काव काढली, वाटीत भिजवली आणि फरशीवर जाऊन बसली. रस्त्याच्या बाजूनं सुरुवात केली. मूठ टेकवायची, पाच ठिपके, पुन्हा मूठ. एकच जोडी, अगदी जवळजवळ टाकलेली, जड बाई चालते तशी. छायाचित्रकार तिच्या मागून सरकत फोटो घेत होता. दाराशी आल्यावर ती थांबली. हात तसाच तांबडा, गुडघ्यावर ठेवून बसून राहिली.

छायाचित्रकारानं मला विचारलं, परतीची पण काढतील ना? तुमच्या टिपणात परतीचीही आहेत.

मी त्याला कॅमेरा बंद करायला सांगितलं. त्या दिवशी मी केलेलं नीट काम एवढंच.

अहवाल पुढच्या वर्षी छापून आला. अक्काचं छायाचित्र आत होतं, चकचकीत कागदावर, पाठमोरं. खाली 'सर्जनशील सहभाग : बीदर जिल्ह्यातील एक स्त्री' अशी ओळ. लेकीचा मृत्यू आणि नर्सबाईंची बदली सरांनी एका तळटीपेत लिहिली होती, स्वतःच्या पत्रामुळे झाली असं स्पष्ट शब्दांत. माझ्या वाक्याचा उल्लेख नव्हता. त्या वाक्यामुळेच बदली झाली हे मी सरांपुढं कधी काढलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. त्यांच्या शिफारशीवर मला एका महाविद्यालयात अधिव्याख्यात्याची जागा मिळाली. अभ्यासक्रमात सहभागाचा धडा होता. मी मुलांना अक्काचं उदाहरण द्यायचो, दर वर्षी, फळ्यावर दवाखान्याचा नकाशा काढून. मुलांना ते फार आवडायचं. एक मुलगी एकदा म्हणाली, "सर, किती छान कल्पना!" त्या वर्षीपासून मी ते सांगणं बंद केलं.

नर्सबाईंना शोधायला मी एकदा हुमनाबादकडे गेलो होतो. त्यांनी नोकरी सोडली असं तिथल्या दवाखान्यात कळलं. पत्ता कुणाकडे नव्हता.

अक्काकडे मात्र आठ-नऊ वर्षं गेलो नाही. गेलो तेव्हा एकोणनव्वद साल होतं. दवाखाना सात मैलांवरच्या दुसऱ्या गावी हलवला होता. या गावात रुग्ण येत नाहीत असं कारण लिहून. इमारतीत आता खताची पोती होती. अक्का बरीच वाकली होती. जमीन भाऊबंदांना करायला दिली होती. तिनं मला आत बोलावलं, कपभर चहा दिला. मी अहवालाची एक प्रत बरोबर नेली होती. का नेली, मला अजून सांगता येत नाही.

तिनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि छायाचित्रावरून बोट फिरवलं. "ही मी का?"

"व्हय, अक्का."

"पाठच दिसायलीय." मग पानं उलटत म्हणाली, "माझ्या लेकीचं नाव कुठंय यात? दाखव."

मी सांगितलं की असल्या पुस्तकात नावं देत नसतात. लोकांना त्रास होऊ नये म्हणून तसा नियम आहे.

"कुनाला तरास?"

मी कप खाली ठेवला.

"तिला तर आता कसला तरास न्हाई," ती म्हणाली. "मला बी न्हाई. मग नाव कामून न्हाई लिवलं?"

मी म्हणालो, "अक्का, त्या बाईची बदली माझ्यामुळं झाली. ते कागदातलं वाक्य मी लिहिलं होतं." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते तोंडातून बाहेर पडलं.

तिनं पुस्तक मिटलं. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "डागदरानं मराठीत वाचून दाखवलतं. सगळं तसंच हुतं, तू खोटं काई लिवलं नव्हतंस." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि क्षमाही नव्हती. तिनं पुस्तक माझ्या हातात परत दिलं आणि कप विसळायला उठली. उंबऱ्याशी जाऊन तिनं पाणी बाहेर फेकलं आणि म्हणाली, उदगीरची गाडी यायची वेळ झालीय, ही चुकली तर मग सांजंपर्यंत दुसरी न्हाई.

मी गाडीत बसलो तेव्हा ती दारात नव्हती. घराचं दार तिनं लोटून घेतलं होतं. दोन वर्षांनी कुणीतरी सांगितलं की ती गेली. कशानं, ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि तिच्याजवळ शेवटी कोण होतं तेही नाही.